हळदखान्यातले शून्यवाले

१

"एकनाथ हरी तामोरे. लघवीतलं कॅडमियम, शून्य."

कंपनीच्या वकिलांनी एवढंच वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. ठाण्याच्या कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातली फाईल चाळल्यासारखं केलं. तिच्यात उत्तर नव्हतं, हे मला माहीत होतं.

ही १९९० सालची गोष्ट. मी पालघरला वकिली करायचो. एकनाथ समुद्रकाठच्या दांडी गावचा, घरची होडी असलेला. पण मासळी रोडावली आणि इकडे बोईसरला कारखाने उभे राहिले, तसा तो एका रंगाच्या कारखान्यात लागला. प्लॅस्टिकच्या बादल्यांत आणि खेळण्यांत घालायचा पिवळाधमक रंग तिथे बनायचा. ती भुकटी चाळून गोण्यांत भरायची एक बंद खोली होती. कामगार तिला 'हळदखाना' म्हणत. त्या भुकटीत कॅडमियम नावाचा धातू असतो. तो अंगात साठत जातो आणि मूत्रपिंड पोखरतो. एकनाथ बारा वर्षं त्या खोलीत होता. शेवटच्या वर्षी त्याचे पाय सुजले, हाडं ठणकायला लागली, आणि चाळिशी गाठायच्या आत तो गेला.

कारखान्याचे डॉक्टर हरेश्वर सावे यांनी अहवालात लिहिलं होतं, 'मृतास ताडी पिण्याची सवय होती.'

त्या एका वाक्यासाठी त्याची बायको पुष्पलता माझ्याकडे आली होती. पैशाची गोष्ट तिने पहिल्या भेटीत काढलीच नाही.

"ते रविवारी प्यायचे, सगलेच पितात," ती म्हणाली. "पर माजी सासू बोलते, तूच पाजून मारलास माज्या पोराला. वरीस झाला, ती माज्याशी बोलत नाय. एका घरात रातो आमी. तुमी कागदावर लिवून आणा, का तो कामानं मेला."

त्या दिवशी सुनावणी संपल्यावर पुष्पलता बाहेर बाकावर बसून होती. "शून्य कसा, साहेब?" तिने विचारलं. "त्यांची उशी पिवळी व्हायची. घाम पिवळा यायचा. मी धुवायची ना."

पुढची तारीख घेऊन आम्ही परतलो. घरी आल्यावर मी डॉक्टरांचा अहवाल पहिल्यांदा नीट वाचला. हळदखान्यात आजवर काम केलेल्या सगळ्यांची नावं त्यात होती. एका बाजूला ज्यांच्या लघवीत कॅडमियम सापडलं ते, दुसऱ्या बाजूला शून्य असलेले. मेलेल्यांच्या नावापुढे फुली.

सात फुल्या होत्या. सातही शून्यांच्या बाजूला.

२

दमयंतीबाई राऊत वाणगावला चिकूच्या वाडीत एकट्या राहायच्या. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात संख्याशास्त्राच्या विभागात त्यांची हयात गेली होती. कोणता रुग्ण किती वर्षं जगला, कोणत्या औषधाने किती जास्त जगला, याचा हिशोब मांडायचं त्यांचं काम. यजमान त्याच रुग्णालयात कॅन्सरने गेले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि माहेरच्या वाडीत येऊन राहिल्या. माझी मोठी बहीण त्यांची वर्गमैत्रीण, म्हणून ओळख.

अहवाल त्यांनी ओटीवर बसून वाचला. दोनदा वाचला. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "वकील, हा कागद खरा असेल तर उद्यापासून मी रोज चिमूटभर कॅडमियम खाणार."

"म्हणजे?"

"अहो, याचा अर्थ काय होतो बघा ना. ज्यांच्या अंगात विष सापडलं ते सगळे जगले. सापडलं नाही ते मेले. म्हणजे कॅडमियम हे टॉनिक आहे."

"कंपनी असं म्हणत नाही. ती म्हणते, संबंध नाही."

"संबंध नसता तर फुल्या दोन्हीकडे विखुरल्या असत्या. इथे संबंध आहे, तोही घट्ट. फक्त उलटा आहे." त्यांनी कागद गुडघ्यावर आपटला. "गोष्ट उलटी दिसते तेव्हा कोणीतरी ती उलटी धरलेली असते."

मी बोटांवर मोजत शक्यता सांगितल्या. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. प्रयोगशाळेने पैसे खाऊन खोटं लिहिलं असेल. किंवा डॉक्टरांनी आकडे फिरवले असतील.

"सात माणसांच्या बाटल्या बदलायच्या तर ती माणसं पुढे मरणार हे आधी माहीत हवं," बाई म्हणाल्या. "ते देवाला माहीत. बाकी दोघांना आपण विचारू."

त्या उठल्या, पण लगेच पुन्हा बसल्या. अहवाल उलगडून त्यांनी एका नावावर बोट ठेवलं.

"हा दामू हरी तामोरे कोण?"

"एकनाथचा धाकटा भाऊ. अजून तिथेच कामाला आहे."

"याच्याही पुढे शून्य आहे," त्या हळूच म्हणाल्या.

३

डॉक्टर सावे आम्हांला बोईसरच्या त्यांच्या खासगी दवाखान्यात भेटले. मी एका उर्मट माणसाची तयारी करून गेलो होतो. समोर बसला होता तो एक थकलेला, मऊ बोलणारा गृहस्थ. बाहेर बाकावर आदिवासी बायका पोरं घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्याकडून ते पैसे घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

"एकनाथ माझा पेशंट होता," ते म्हणाले. "त्याचं मला वाईट वाटत नाही असं समजू नका. पण मी पुराव्याबाहेर कसा जाऊ?"

"बाटल्या कोण भरून घेत होतं?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"मी स्वतः. नाव मी लिहायचो, बूच मी लावायचो. चुरीबाईंच्या प्रयोगशाळेत माझा माणूस नेऊन द्यायचा. अदलाबदल शक्य नाही."

"तपासण्या सगळ्यांच्या दरवर्षी व्हायच्या?"

डॉक्टरांनी हातातलं पेन बंद केलं. "नाही. कंपनी तेवढा खर्च मंजूर करत नाही. प्रत्येकाची एकदा. पुढे ज्याचा आकडा येईल त्याच्यावर लक्ष ठेवायचं."

"लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं?"

"काळजी घ्यायची," ते म्हणाले आणि घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं.

आम्ही दारापर्यंत गेलो असू. मागून त्यांचा आवाज आला, या वेळी जरा चढलेला. "बाई, तुम्ही संख्याशास्त्रवाल्या. तुम्हांला संशय असेल तर सांगतो, प्रयोगशाळेने दिलेला एकही आकडा मी बदललेला नाही. माझ्या मुलांची शपथ."

बाहेर येताच मी म्हटलं, "हा माणूस खोटं बोलत नाही."

"नाहीच बोलत," बाई म्हणाल्या. "तरी न विचारता शपथ घेतली. का घेतली असेल?"

४

मंजुळा चुरी यांची प्रयोगशाळा औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर होती. दोन खोल्या, आम्लाचा वास, आणि भिंतीलगत एक चकचकीत नवं यंत्र. कोपऱ्यात चादर घालून झाकलेलं दुसरं काहीतरी होतं. मंजुळाबाई पस्तिशीच्या, तुरुतुरु बोलणाऱ्या. एकनाथचं नाव काढलं आणि बोलणं आटलं.

"रिपोर्ट गिऱ्हाइकाचा असतो. मला दाखवता येत नाही."

"दाखवू नका," दमयंतीबाई म्हणाल्या. "एवढंच सांगा. बारा वर्षं भुकटीत घालवलेल्या माणसाच्या लघवीत शून्य येऊ शकतं?"

"शून्य?" मंजुळाबाई एकदम तडकल्या. "कोण म्हणतं मी शून्य लिहिलं? मी आयुष्यात कधी शून्य लिहिलेलं नाही!"

मग त्यांनाच आपण जास्त बोललो असं वाटलं असावं. त्या बाटल्या आवरायला लागल्या. त्यांच्या कामातलं निम्मं काम त्या एका कारखान्याचं होतं, हे पुढे कळलं.

दमयंतीबाईंनी पर्समधून रिकामी बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. "वकील, मागे जाऊन ही भरून आणा. मंजुळाताई, आम्ही साधी गिऱ्हाइकं. याची तपासणी करून द्याल ना?"

मी लाजेने अर्धा झालो, पण गेलो.

चार दिवसांनी निकाल घ्यायला आम्ही पुन्हा तिथे होतो. माझ्या लघवीत कॅडमियम निघालं. अगदी थोडं, लिटरमागे जेमतेम एक मायक्रोग्रॅम, पण निघालं.

"सिगारेट ओढता?" मंजुळाबाईंनी विचारलं. "मग एवढं असतंच. न ओढणाऱ्यातही थोडं सापडतं. भाजीतून येतं, भातातून येतं. किती आल्यावर घाबरायचं म्हणाल, तर दहाच्या वर गेलं की मूत्रपिंडाची काळजी करावी."

"म्हणजे पालघरच्या वकिलात आहे," दमयंतीबाई म्हणाल्या, "आणि हळदखान्यातल्या एकनाथमध्ये नव्हतं." त्या कोपऱ्याकडे गेल्या आणि त्यांनी चादरीचं टोक उचललं. खाली एक जुनं, काळवंडलेलं यंत्र होतं. "वकिलांची हीच बाटली यावर लावली असती तर?"

मंजुळाबाईंनी चादर पुन्हा नीट ओढून घेतली.

"त्यावर काही दिसलं नसतं," त्या म्हणाल्या. "त्याला पन्नासच्या खालचं दिसत नाही."

बाहेर रस्त्यावर दमयंतीबाई इतक्या भरभर चालायला लागल्या की मला धावावं लागलं. "डॉक्टर म्हणतात, मी आकडा बदलला नाही," मी म्हटलं. "ही म्हणते, मी शून्य लिहिलं नाही. दोघांतलं खोटं कोण बोलतंय?"

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "आता मला फक्त एवढं हवंय, की कोण कधीपासून कामाला आहे आणि आत्ता कुठे आहे. चला, माणसांत जाऊ."

५

पहिला भेटला देवू वरठा. डोंगराकडचा वारली, कारखान्याच्या आवारात ट्रक भरत होता. सुटी झाल्यावर तो आमच्याबरोबर चहाच्या टपरीवर बसला.

"मी पण हळदीतच होतू," देवू म्हणाला. "चार वरसांमागं लागलू. मंग डॉक्टरनं बाटली घेतली, माना आकडा आला. आकडा आला तं सायबानं भायेर काडला, गाडी भराय लावला. माज्यासंगं लागले ते सगले असेच भायेर आले."

"आणि एकनाथ?"

"तो जुना. जुन्यांना आकडाच नाय आला. आमी त्यांना शून्यवाले बोलायचू. सायब बोलं, यांना हळद लागत नाय, यांची कातडी येगली, ऱ्हाऊ दे आतच." देवूने कप खाली ठेवला. "आमाला हेवा वाटं त्यांचा. एकनाथभाऊ छातीवर हात मारून सांगं, माना काय होत नाय."

दमयंतीबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं त्यांना चक्कर आली. त्यांनी हातानेच थांबायची खूण केली.

आम्ही परत वाणगावला आलो. दमयंतीबाई ओटीवर बसल्यावर पाणी प्यायल्या आणि मग सांगायला लागल्या.

"पहिली तपासणी जुन्या यंत्रावर झाली. त्या वेळी खोलीत जे होते, त्यांतल्या कोणाचाच आकडा आला नाही, कारण पन्नासच्या खाली ते यंत्र आंधळं होतं. कोणाच्या अंगात पंधरा असेल, कोणाच्या पंचेचाळीस. मंजुळाने प्रामाणिकपणे लिहिलं, 'आढळले नाही.' डॉक्टरांनी अहवाल टाइप करताना त्या जागी शून्य घातलं. त्यांनी आकडा बदलला नाही ही गोष्ट खरी. आकडा नव्हता तिथे त्यांनी तो घातला."

"आणि पुढे नवं यंत्र आलं."

"आलं, पण त्यावर फक्त नव्या माणसांच्या बाटल्या गेल्या. जुने तर शून्य ठरलेले, त्यांच्यावर पुन्हा खर्च कशाला? नव्यांत पाच असलं तरी दिसायचं, आणि दिसलं की माणूस बाहेर. त्यामुळे ते वाचले. जुन्यांना मात्र त्या शून्यानेच आत कोंडलं. म्हणून कागदावर उलटं दिसतं. विषाने कोणी वाचलं नाही, वकील. विष दिसल्याने वाचले."

मी विचारलं, "मग एकनाथच्या अंगात किती होतं?"

"ते आता कधीच कळणार नाही. शून्य ते पन्नासच्या मध्ये कुठेतरी." त्यांचा आवाज खाली आला. "आम्ही जगण्या-मरण्याचा हिशोब मांडतो ना, तेव्हा अर्ध्या माहितीची माणसं नेहमीच असतात. जो अजून जिवंत आहे, त्याचं मरण कुठेतरी पुढे आहे एवढंच आपल्याला ठाऊक असतं. म्हणून आपण त्याला अमर धरत नाही. तसंच हे. यंत्राला जे दिसलं नाही ते पन्नासच्या खाली आहे, एवढंच म्हणायचं. नव्या माणसांवरून दिसतं, की जितकी वर्षं खोलीत काढली तितका आकडा चढतो. त्याच चढाने जुन्यांचा अंदाज बांधता येतो. एकनाथ काय, ते सगळेच दहाच्या खूप वर निघतील. पण हे गणित मी आयुक्तांपुढे मांडलं तर कंपनीचे वकील म्हणणार, बाईंनी मनाचे आकडे घातले."

"मग?"

"एक जिवंत शून्यवाला हवा. त्याची एकच बाटली दोन्ही यंत्रांवर लावायची. सगळ्यांच्या देखत."

जिवंत शून्यवाले आता थोडेच उरले होते. आम्ही दोघंही ते नाव तोंडातून काढत नव्हतो.

६

सुटीच्या दिवशी दांडीला दामू होडीला डांबर लावत होता. एकनाथसारखाच रुंद खांद्यांचा, पण चेहरा ओढलेला. दमयंतीबाईंनी त्याला काहीच लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "दामू, यात तुझ्याबद्दल काही वाईट कळू शकतं. तुला कळायला नको असेल तर आम्ही दुसऱ्या कोणाला विचारतो."

"दुसरा म्हंजे कोन?" दामू म्हणाला. "तो पन कोनाचा तरी भाऊस ना?" त्याने हात पुसले. "वयनीला एवडंच सांगू नका, का माजी बाटली हाय ती."

आयुक्तांनी परवानगी दिली. ठरल्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत कंपनीचे वकील, डॉक्टर सावे, आयुक्तांचा कारकून आणि आम्ही जमलो. मंजुळाबाईंनी जुन्या यंत्रावरची चादर काढली होती. बाटलीवर नाव नव्हतं, नुसती खूण होती. डॉक्टरांना फक्त एवढंच सांगितलं, की हा हळदखान्यातला शून्यवाला आहे.

बाटलीतला एक भाग जुन्या यंत्राला दिला. नळीतून तो ज्योतीत ओढला गेला. तबकडीवरचा काटा थरथरला आणि जागेवर बसला.

"आढळले नाही," मंजुळाबाईंनी मोठ्याने सांगितलं. कंपनीचे वकील हसले.

मग त्याच बाटलीतला एक थेंब नव्या यंत्रात. यंत्र तापलं, आतून पांढरा उजेड पडला, आणि कागदाची पट्टी बाहेर आली. मंजुळाबाईंनी ती वाचली. पुन्हा एकदा थेंब घातला, पुन्हा वाचली. आकडा सांगताना त्यांचा आवाज बदलला होता.

"एक्केचाळीस."

दाराशी उभा असलेला दामू खाली बघत होता. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दमयंतीबाई डॉक्टरांकडे वळल्या.

"डॉक्टर, नवं यंत्र आलं तेव्हा जुन्यांच्या बाटल्या पुन्हा लावा, असं तुम्हांला कोणी सांगितलं होतं का?"

डॉक्टरांनी मंजुळाबाईंकडे पाहिलं.

"मी सांगितलं होतं," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "एकदाच सांगितलं. परत नाही बोलले. काम जाईल म्हणून."

"मी मॅनेजरना विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले. "ते म्हणाले, शून्यवाल्यांवर खर्च नको. मी... मी सोडून दिलं. मला वाटलं, शून्य म्हणजे शून्य. लिहून लिहून मलाच ते खरं वाटायला लागलं. पण एकनाथचे पाय सुजले तेव्हा..." ते थांबले. "तेव्हा मला कळलं होतं. मी ताडी लिहिलं."

कारकून लिहून घेत होता. डॉक्टरांनी बाटलीकडे बोट केलं.

"हा कोण आहे?"

"मी," दामू दारातून म्हणाला.

डॉक्टर खुर्चीवर बसले आणि त्यांनी तोंड हातांनी झाकून घेतलं. दामू दमयंतीबाईंजवळ आला. "बाई, तुमी माणसा किती जगतात ते मोजता ना? माजा किती हाय?"

त्या बाईंनी आयुष्यभर हाच हिशोब केला होता.

"पन्नास माणसं असली तर सांगता येतं, दामू," त्या म्हणाल्या. "एका माणसाचं मला नाही सांगता येत."

"आनी मी एकलाच हाय," दामू म्हणाला. त्यात तक्रार नव्हती.

७

निकाल आमच्या बाजूने लागला. एकनाथ तामोरे याचा मृत्यू कामामुळे झाला, असं आयुक्तांनी लिहिलं. ताडीचा उल्लेख काढून टाकला. बाकीच्या सहा घरांचेही अर्ज मी पुढे दाखल केले. हळदखान्याला कुलूप लागलं. डॉक्टर सावे कारखाना सोडून गेले. जिवंत शून्यवाल्यांना बाहेर काढलं, पण हाडांत आणि मूत्रपिंडांत बसलेलं कॅडमियम काढायला औषध नव्हतं. दामूने नोकरी सोडली आणि घरची होडी पाण्यात घातली. पुष्पलताला त्याने सांगितलं होतं, की आकडा दुसऱ्याच कोणाचा होता. तिने ते मानलं की मानल्यासारखं केलं, मला कळलं नाही.

निकालाची प्रत घेऊन मी आणि दमयंतीबाई दांडीला गेलो. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांड्यांमागे घर होतं. ओसरीवर एकनाथची आई रंभाबाई सुकी मासळी निवडत बसली होती. आम्हांला बघून तिने मान फिरवली.

"साहेब, मोठ्यानं वाचा," पुष्पलता म्हणाली. "तिला ऐकू जाईल असा."

मी वाचलं. शेजारपाजारच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. कायद्याची भाषा त्यांना कळत नव्हती, म्हणून मी थांबून थांबून साध्या बोलीत सांगितलं. एकनाथ दारूने गेला नाही, कारखान्याच्या विषाने गेला. त्यात त्याचा दोष नव्हता. घरच्या कोणाचाच नव्हता.

रंभाबाईचा हात मासळीवरच थांबला होता. मग शब्द न बोलता तिने बाजूचा पाट पुढे सरकवला. पुष्पलता जाऊन त्याच्यावर बसली. सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी रडल्या. बायकाही डोळे पुसायला लागल्या. एवढ्यासाठी ही बाई वर्षभर खेटे घालत होती.

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"थांब जरा," रंभाबाई म्हणाली. पदराने तोंड पुसून तिने माझ्याकडे पाहिलं. "तो पन तितंच व्हता ना. माजा दामू. त्याचा काय लिवलाय त्यात?"

मी दमयंतीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. दामू खाली वाळूत जाळं झाडत होता. त्याचेही हात थांबले.

"आजी, त्याच्याबद्दल यात काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"नाय लिवलंय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी मोकळं झालं. "म्हंजे त्याला काय नाय ना झालेला?"

पुष्पलता दामूकडे बघत होती. तेव्हा मला कळलं, की तिला सगळं ठाऊक आहे.

"नाय आये," दामू खालून म्हणाला. "काय नाय झालेला माना." आणि त्याने जाळं खांद्यावर घेतलं आणि तो होडीकडे चालायला लागला, सुजलेल्या पायांनी, वाळूत सावकाश.